पुढे रेडियल, मागे नायलॉन: रिकामी पिकअप घाटात मागून का सुटते?

घाटवाट: पिकअप आहे, मागे एकेरी चाकं. मार्केट यार्डातून गूळ भरून गगनबावडा, करूळ घाट, कणकवली, आणि रिकामी परत. पुढे नवीन रेडियल टाकले (७.०० आर १५), मागे जुने नायलॉन ७.००-१५ तसेच. स्टेअरिंग हलकं झालं, पण येताना पावसात वळणावर मागची बाजू बाहेर पडते. मागं नक्षी ५ मिमी आहे. घोळ कुठाय?

रबर_आणि_रस्ता: घोळ नक्षीत नाही भावा, जोडीत आहे. नायलॉन टायरात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके बसवलेले असतात, साइडवॉलपासून (टायरची बाजूची भिंत) नक्षीखालपर्यंत सलग. वळणावर साइडवॉल वाकली की नक्षीही तिच्याबरोबर मुरगळते आणि रस्त्याला नीट टेकत नाही. रेडियलचे धागे एका बीडपासून (रिमवर बसणारी टायरची कड) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे, वर स्टीलचे पट्टे. साइडवॉल वाकते, नक्षी सपाट राहते.

म्हणजे तुम्ही पकड फक्त पुढं वाढवली. पुढची चाकं वळण घेतात, मागच्यांना ते झेपत नाही. चार टायर एका जातीचे होईपर्यंत रेडियल मागे घ्या, नायलॉन पुढे. स्टेअरिंग जड होईल, नाक वळणाबाहेर ओढेल, पण ते वेग कमी करून आवरतं. मागची बाजू सुटली तर आवरायला घाटात जागा कुठली? एकाच एक्सलला एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीच नको, स्टेपनी घालतानाही नाही.

हवा_मोजा: ‘रिकामी परत’ हे महत्त्वाचं. भरलेल्या गाडीची हवा मागे तशीच ठेवली तर रिकाम्या गाडीत टायर फक्त मधोमध टेकतो. गाडीवरच्या तक्त्यात रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे असतील तर त्याप्रमाणे बदला, तेही टायर थंड असताना. गरम टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढू नये.

नक्षीवर खडूची आडवी रेघ मारा आणि सपाट डांबरावर गाडी सरळ २०-२५ फूट न्या. मधलीच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडा पुसल्या तर कमी. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. रेडियलचं पोट सुटलेलंच दिसतं, ते बघून पोरं हवा ठोकत बसतात.

घाटवाट: रेडियलमध्ये जुन्याच ट्यूब घातल्यात. चालतंय का?

रबर_आणि_रस्ता: नाही. रेडियलची साइडवॉल सारखी लवते, साधी ट्यूब आतून घासते आणि सांध्यावर उसवते. ‘रेडियल’ छापलेलीच ट्यूब घ्या. घेताना साइडवॉलवरचे चार आकडेही बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. झिजेची खूण १.६ मिमीवर असते, पण पावसाळी घाटासाठी ३ मिमीलाच बदला.

ऊसवाला: नायलॉनला एवढी पण नावं ठेवू नका वो. शेतातल्या दगडाला, उसाच्या खोडक्यांना त्याची जाड साइडवॉल बरी टिकते, ट्रॉलीला तेच परवडतं. फक्त रात्रभर उभी राहिली की टेकलेला भाग चपटा होतो. सकाळी फुलेवाडीपर्यंत धडधड येते, टायर तापला की जाते. ती बघून बॅलन्सिंगला पैसे घालू नका.