एकच दिवस असला तरी वर जाच

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला एकच दिवस आहे, तर होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर चढावं की खाली शहरातल्या मिराबेल बागेतूनच बघून समाधान मानावं, असं विचारलंय तुम्ही. माझं ऐकाल तर नक्की जा. बागेतून तो सुंदर दिसतो, पण १०७७ मध्ये सुरू झालेलं बांधकाम पुढे किती वाढत गेलं, ते आत फिरल्याशिवाय कळत नाही. किल्ल्यातल्या सोनेरी दालनातली, खोली उबदार ठेवणारी १५०१ ची उंच शेगडी अगदी जवळून बघा. तिच्या रंगीत टाइल्सवर फुलं, फळं, माणसं आहेत. मी तिथेच बराच वेळ रेंगाळले. सोबत आई-बाबा असतील तर वर जायला १८९२ पासूनची, दोराने ओढली जाणारी रेल्वे आहेच. उतरताना मात्र, गुडघे धड असतील तर, चालत या. सकाळी धुकं असलं तर आधी शहर फिरा, दुपारी वर जा. दक्षिणेकडचे आल्प्स दिसायलाच हवेत.