डायनासोर गेले तेव्हा प्लँक्टनचं काय झालं?

कोथरूडकर: सिंहगडचा काळा दगड साधारण ज्या काळातला, तेव्हाच म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली आणि डायनासोर संपले हे ठाऊक आहे, पण समुद्रातल्या प्लँक्टनचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या बारीक जीवांचं, काय झालं?

मृण्मयी: फार वाईट झालं हो. धूळ-काजळीने ऊन अडलं, पाणी आम्लधर्मी झालं, चुन्याची कवचं असलेल्या नॅनोप्लँक्टनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म प्लँक्टनच्या, ९० टक्क्यांवर जाती गेल्या. डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं, मात्र बरेच तगले, त्यांचे सुप्त बीजाणू अंधारात तळाशी पडून राहतात ना.

सदाशिवपेठी: मला तर याचं फार अप्रूप वाटतं की जिथे उल्का आदळली त्या मेक्सिकोतल्या चिक्सुलुब विवरातच काही वर्षांत जीव परतले आणि ३०,००० वर्षांत तिथलं पाणी पुन्हा भरभरून जगायला लागलं!

कोथरूडकर: मग सगळं पूर्ववत?

मृण्मयी: छे, नॅनोप्लँक्टनच्या जातींची विविधता भरून यायला जवळपास १ कोटी वर्षं लागली.