दोन जर्सी, दोन गावठी: आईच्या हातात पैसे उरतील असं काय करू?

लांज्याची_लेक:
आमच्याकडे चार गुरं आहेत, दोन जर्सी क्रॉस नि दोन गावठी. आई पहाटे साडेचारला उठून शेण काढते, धारा काढते, आणि डेअरीचं खातं मात्र बाबांच्या नावावर. पेंड घाटावरून येते, तिचं बिल नि डॉक्टर भागवून काही उरत नाही, पावसात जर्सीच्या कासा सुजतात ते वेगळंच. १९९८ पासून दुधात भारत जगात पहिला म्हणतात, मग आमच्या गोठ्यात ही गत का? गुरं विकावी का? खरंच अडलंय.

दापोलीकर:
विकू नका. आधी बिलावर एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, बघा, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की दर कापतात, आणि नुसत्या सुक्या पेंढ्यावर गाय ठेवली तर ते खालीच जाणार. भात झोडून झालं की पेंढा कसदार करायला १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लॅस्टिकने गच्च झाका, २१ दिवसांनी उघडा, वास उडू द्या नि मग थोडा थोडा खायला घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही, आणि युरियाचं पाणी गुरांच्या तोंडाशी येता कामा नये, जीव जातो. बांधावर नेपियर गवत लावा, घाटावरचं बिल तिथेच कमी होईल.

काजूबाग:
माझं मत, पुढचं रेतन कोकण कपिलाचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या देशी गाईच्या जातीचं करा. दूध कमी देते, पण आपल्या पावसात नि कातळावरच्या चाऱ्यावर टिकते.

दापोलीकर:
पटतं, पण डोक्यावर कर्ज असेल तर सगळा गोठा एकदम बदलू नका हां. हप्ता महिन्यालाच द्यावा लागतो, कालवड दुधात यायला तीन वर्षं तरी जातात.

संगमेश्वरची_काकू:
बाळा, चाऱ्याचं सगळं खरं, पण आईला आधी डेअरीच्या संस्थेची सभासद कर. १९४६ साली खेड्यातल्या, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी खाजगी डेअरीला दूध घालणं बंद करून त्रिभुवनदास पटेलांबरोबर स्वतःचा दूध संघ, म्हणजे पुढचं अमूल, उभा केला, कारण हिशोब आपल्या हातात नसेल तर भाव कधीच आपला नसतो. सभासदाला सभेत मत असतं, धारा काढणाऱ्या बाईला नसतं. मीही वीस वर्षं नवऱ्याच्या नावावर दूध घातलं, आज वाईट वाटतं.

लांज्याची_लेक:
काकू, बाबांशी बोलले. आधी गप्प बसले, मग म्हणाले आईचं आधार नि फोटो काढून ठेव, सोमवारी सचिवांकडे जाऊ.