अनुभव धागा : जुने घर आणि परसदार बेताच्या पैशात पुन्हा उभे करताना

पडझड झालेले वडिलोपार्जित घर किंवा स्वस्तात घेतलेले जुने घर ज्यांनी मोठे कर्ज न काढता राहण्याजोगे केले, त्यांचे अनुभव एकत्र यावेत म्हणून हा धागा काढत आहे. आधी काय केले, पैसा कुठे लागला, कुठे वाया गेला आणि परसदाराचे काय केले, हे शक्य तितक्या तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करते.

तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी

आमचे सासरचे घर सासूबाई गेल्यानंतर १४ वर्षे बंदच होते. गणपतीत कुलूप काढायचे, ओटी झाडायची, पाच दिवस राहायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे, असा क्रम होता. २०१९ च्या गणपतीत माजघरावरचा एक वासा कौलांसकट खाली आला. सुदैवाने तेव्हा सगळे ओटीवर आरतीला उभे होते. त्या रात्री घर पाडायचे की राखायचे, यावर भावाभावांत बरेच बोलणे झाले आणि राखायचे ठरले.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट केली, ती सर्वांना आवर्जून सांगेन. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर होते. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घेतल्यानंतरच आम्ही पहिल्या कौलाला हात लावला. त्यात तीन महिने गेले, पण नंतर कोणाचाही शब्द ऐकावा लागला नाही.

पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि पाण्याची वाट एवढेच करायचे ठरवले. भिंती, फरशी, रंग यांपैकी कशालाही हात लावला नाही, आणि आजही मला तो निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सुतारकाका वयाने सत्तरीचे होते. माळ्यावर चढून त्यांनी प्रत्येक वाशावर कोयत्याच्या मुठीने ठोकून पाहिले. चांगल्या वाशाचा आवाज ठणठणीत येई आणि पोखरलेल्याचा बद्द. ४२ वाशांपैकी १७ निकामी निघाले, पण त्यांतले ११ केवळ वळचणीकडच्या टोकाला कुजलेले होते. काकांनी तेवढी टोके कापून ते आखूड वासे पडवीवर चढवले आणि माजघरासाठी सहाच नवे वासे घ्यावे लागले. नव्या आणि जुन्या सर्व लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल दोनदा लावले. त्याने हातांना फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच ते काम करावे.

मंगलोरी कौले शेजारच्या गावात पाडल्या जात असलेल्या घरातून नगाला ६ रुपयांनी मिळाली. येथे मात्र आमची चूक झाली. ती दोन वेगवेगळ्या कारखान्यांची होती आणि आम्ही ती सरमिसळ करून घातली. वरून पाहता सारखीच दिसणारी कौले खाचेत एकमेकांत बसत नाहीत, हे पहिल्याच जोराच्या पावसात कळले. पुढच्या मे महिन्यात सगळी उतरवून एका पाख्यावर एका कारखान्याची आणि दुसऱ्या पाख्यावर दुसऱ्याची, अशी पुन्हा घातली. त्या दुहेरी मजुरीचे १८ हजार रुपये वाचवता आले असते.

दुसऱ्या वर्षी भिंती घेतल्या. घर जांभ्या चिऱ्याचे, पण कोणीतरी पूर्वी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केला होता आणि त्यामागे भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, लागून चिरा भुगा होत होता. गवंडी म्हणाले, "वहिनी, भिंतीला घाम येतो, तो बाहेर यायला वाट ठेवा." सिमेंट काढून भिंत एक पावसाळा तशीच उघडी ठेवली. मागच्या बाजूला खड्ड्यात कळीचा चुना विरवला, तेव्हा पाणी पडताच तो इतका उसळला की मुलांना लांब उभे करावे लागले. तीन आठवडे मुरल्यानंतर तो लोण्यासारखा झाला आणि त्याचाच वाळू घालून गिलावा केला. काम सावकाश चालते, रोज पाणी मारावे लागते, पण तीन पावसाळे झाले तरी त्या भिंतीवर ओलीचा डाग नाही.

परसदारी आड होता. त्यातला गाळ चार गड्यांनी दोन दिवस उपसला. त्यात दोन कळशा, एक तांब्या आणि सासूबाईंची पितळी उदबत्तीदाणी मिळाली, जी हरवली म्हणून त्यांनी अनेक वर्षे हळहळ केली होती. न्हाणीचे पाणी चर खणून केळींकडे आणि अळवाकडे वळवले. तीन वर्षांत मिळून ५ लाख ४० हजार रुपये लागले.

दिवेआगर, तालुका श्रीवर्धन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरूनच गेले. दुपारी दोन-अडीच तासांत घराचे अर्धे छप्पर उडाले आणि मागची पोफळीची वाडी आडवी झाली. म्हणजे आमचे घर हळूहळू मोडकळीस आले नव्हते, एका दुपारीत आले. त्या पावसाळ्यात कौले कुठेच मिळेनात, म्हणून ताडपत्री आणि नंतर पत्रे घालून दिवस काढले. ते पत्रे तात्पुरते असल्याने आम्ही स्वस्तातले घेतले, आणि तेही दीड वर्षात गंजले, कारण समुद्राचा वारा पातळ पत्र्याला टिकू देत नाही.

पुन्हा कौले चढवताना एक गोष्ट नव्याने केली. वारा पडवीतून आत शिरून छप्पर खालून उचलतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून भिंतीवरची पाटणी, म्हणजे ज्यावर वासे टेकतात ते लाकूड, लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत खोलवर बांधून घेतली, वळचणीकडच्या आणि आढ्याजवळच्या कौलांच्या रांगा तारेने रिपांना बांधल्या आणि पडवीच्या दर्याकडच्या बाजूला झडपांची भिंत केली. याला फार पैसा लागला नाही. तार आणि पट्ट्या मिळून ९ हजारांत काम झाले.

वाडीबद्दल सांगायचे तर, पडलेल्या पोफळी विकायच्या म्हटल्या तर कोणी फुकटही नेईना. त्या चिरून आम्ही कुंपण केले, मांडव केला आणि रहाटापासून आळ्यांपर्यंत पाणी नेणाऱ्या पन्हळी केल्या. आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत पोफळीची रोपे, कारण ऊन लागले की ती रोपे करपतात. वाडीत घातलेला पैसा इतक्यात परत येत नाही. वडील रोज संध्याकाळी एकेका रोपापाशी थांबून नवा झाप आला का, ते पाहतात.

तालुका औसा, जिल्हा लातूर

आमच्याकडे प्रश्न पावसाचा नाही, वजनाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला दगडमातीच्या भिंती आणि माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, यांखाली माणसे झोपेत गाडली गेली. आमच्या गावात घरे उभी राहिली, पण त्यानंतर आजोबांनी वाड्यात झोपणे सोडले आणि पुढे अंगणात पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. वाडा तसाच पडून राहिला. २०२१ मध्ये मी तो पुन्हा वापरात आणायचे ठरवले, तेव्हा आईची एकच अट होती : "आधी वरची माती खाली आण, मग मला आत बोलाव."

माळवद गळू लागले की दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची आमच्याकडे रीत होती. जुना थर कोणी काढत नसे. आमच्या माळवदावर अशी दोन फुटांपर्यंत माती साचली होती. ती उतरवली तेव्हा ट्रॅक्टरच्या ११ ट्रॉल्या भरल्या. तुळया वाकलेल्या होत्या, त्या भार उतरल्यावर थोड्या सरळ झालेल्या आम्ही दोरी लावून पाहिल्या. आता फळ्यांवर जाड प्लास्टिकचे कापड आणि त्यावर केवळ सहा इंच माती ठेवली आहे. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके टेकू ठोकून घेतले.

भिंतीबाबत अभियंत्याचा सल्ला घेतला आणि त्याची फी हा संपूर्ण कामातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे. अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. धक्का बसला की हे पदर सुटे होऊन एक आत आणि एक बाहेर पडतो. म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोके पाडून, त्यांत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरले. दगड ढिला होऊ नये म्हणून भोक हळूहळू, पहारीने उकरत पाडावे लागते. एका दिवसात चार भोकेही होत नसत.

परसातला एक अनुभव सावधगिरीसाठी लिहितो. उतरवलेली माती परसातल्या सखल भागात पसरत असताना ट्रॉलीचे चाक अचानक खचले. खाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला जुना खड्डा होता, आणि ते तिथे आहे हे घरात कोणालाच आठवत नव्हते. गडी लगेच आत उतरायला निघाला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या चुलत्यांनी ओरडून त्याला थांबवले. बंद पेवात विषारी हवा साचते आणि उतरलेला माणूस आवाजही न करता कोसळतो. आम्ही ते दोन दिवस उघडे ठेवून मग वरूनच मुरूम टाकून बुजवले. ज्यांच्या जुन्या वाड्याचे परस सपाट करायचे असेल, त्यांनी आधी गावातल्या वडीलधाऱ्यांना पेव कुठे होते ते विचारावे.

पुणे

आमची बंगली १९७८ ची, दोन खोल्या आणि मागे थोडी जागा. सर्वांनी पाडून नवी बांधायला सांगितले, तेवढी ऐपत नव्हती. छज्जाचे काँक्रीट फुटून आतली सळई दिसत होती आणि पहिल्या गवंड्याने त्यावर नुसते सिमेंट थापले, जे वर्षभरात गळून पडले. सळई गंजली की फुगते आणि वरचा थर ढकलून देते, त्यामुळे गंज पूर्ण घासून काढल्याशिवाय वरून केलेले काहीही टिकत नाही, हे दुसऱ्या वेळी समजले. भिंतीतले जुने लोखंडी नळ न शोधता तसेच बंद करून टाकले आणि नवे नळ भिंतीवरून उघडे नेले. दिसायला ते बरे दिसत नाहीत, पण भिंत फोडण्याचा आणि पुन्हा गिलावा करण्याचा खर्च वाचला आणि गळती कुठे आहे ते लगेच दिसते.

बार्देश, गोवा

थोडक्यात लिहिते. आमच्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती आणि त्यांतली निम्मी फुटली होती. हे शिंपले आता कायद्याने संरक्षित असल्याने नवे मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही मागच्या खोल्यांच्या खिडक्यांतले चांगले शिंपले काढून दर्शनी चार खिडक्या पूर्ण केल्या आणि मागे साधी काच बसवली. सकाळी त्या खिडक्यांतून येणारा दुधट उजेड पाहिला की वाटते, इतर सर्व कामे मागे ठेवून हे आधी केले ते योग्यच होते. छप्पर मात्र त्याआधीच झाले होते.

तालुका हदगाव, जिल्हा नांदेड

घर मोठे नाही, पण परसात सांडपाण्याचे डबके होते आणि त्याचीच ओल स्वयंपाकघराच्या भिंतीत चढत होती. दोनदा भिंत लिंपून पैसे घालवले, तेव्हा मूळ बाहेर आहे हे ध्यानात आले. आमच्या जिल्ह्यात गावोगावी शोषखड्डे झाले आहेत, तसाच चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा घेतला. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी आणि मध्ये भोके पाडलेला माठ, ज्यात कचरा अडकतो आणि तो काढता येतो. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून आम्ही आणखी दीड फूट खोदून मुरुमापर्यंत गेलो. खणणे आम्ही दोघा भावांनीच केले, त्यामुळे एकूण खर्च ३ हजार २०० रुपयांवर गेला नाही.

डबके आटल्यावर त्या जागी शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू लावले. भिंत वाळायला पूर्ण उन्हाळा लागला. मे महिन्यात आईने तिच्यावर हात फिरवून पाहिला, मग गाल लावून पाहिला, आणि पिठाचे डबे, जे पाच वर्षे पलंगाखाली होते, ते पुन्हा त्या भिंतीच्या फडताळात नेऊन ठेवले. न्हाणीची फरशी अजून व्हायची आहे. ती दिवाळीनंतर घेऊ.