मदत हवी आहे : जुनं रिव्हॉल्व्हर विकायचंय, शनिवारी शो आहे

फिरता_भोवरा (बुधवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातलं स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर आहे. दोन वर्षांपूर्वी एका गन शोमध्ये (बंदुकांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्यात) ७५० डॉलरला घेतलं. आता विकायचंय. शनिवारी टल्साच्या शोला जातोय, तिथे टेबल वगैरे घेतलेलं नाही. किती मागू? ९०० जास्त होतील का? कृपया लवकर सांगा, उद्या-परवा वेळ नाही.

दगडफूल (९.५८)
राहता कुठे? ओक्लाहोमात?

ह्यूस्टनचा_बाळ्या (१०.०५)
कुठलं मॉडेल? फोटो टाका. "स्मिथ अँड वेसन" म्हणजे "मारुतीची गाडी" म्हटल्यासारखं झालं. ८०० आहे की अर्टिगा?

फिरता_भोवरा (१०.११)
डॅलसजवळ. मॉडेल नंबर कुठेच लिहिलेला नाही. काळपट आहे, चकाकी नाही, मुठीच्या तळाला दोरी अडकवायची कडी आहे. नंबर व्हीने सुरू होतो. फोटो कामाच्या लॅपटॉपवरून टाकता येत नाहीत. किंमत सांगा ना कोणीतरी.

चिंचगूळ (१०.३०)
व्ही आणि कडी म्हणजे व्हिक्टरी मॉडेल. स्मिथ अँड वेसनने मॉडेल नंबर छापायला १९५७ च्या सुमारास सुरुवात केली, त्यामुळे तो नसणं बरोबरच आहे. ही लाखोंनी बनली, "दुर्मिळ" म्हणून कोणी गळ्यात मारलं असेल तर विसरा. माझ्याकडे दोन आहेत. किंमत सगळी मूळ रूपात आहे की नाही यावर. त्यासाठी पुढचं सांगा :
नळी किती इंच? नळीच्या उजव्या बाजूला काय कोरलंय? वरच्या पट्टीवर सरकारी मालकीची अक्षरं आहेत का? चक्रीच्या (काडतुसं बसतात तो फिरता भाग) मागच्या तोंडावर नंबर आहे का आणि तो मुठीखालच्याशी जुळतो का? चक्रीवर बारीक शिक्के आहेत का?
पूर्ण नंबर इथे टाकू नका, शेवटचे तीन आकडे झाका.

टेक्सासकाका (१०.४४)
शोला नेऊच नका. तिथे टेबलवाले निम्मी किंमत देतात, कारण त्यांना पुढे विकायचं असतं. ऑनलाइन लिलावात टाका. मी गेल्या वर्षी माझं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर (१९७८ चं, सहा इंची, रॉयल ब्ल्यू, मूळ खोक्यासकट) असंच विकलं, शोमध्ये सांगत होते त्यापेक्षा हजाराने जास्त मिळाले. २०२० मध्ये कोल्टने नवं पायथन आणलं तरी जुन्याचा भाव पडला नाही. खोकं जपा. खोकं म्हणजे सोनं.

फिरता_भोवरा (१०.५०)
काका, माझं पायथन नाहीये. खोकंही नाही.

दगडफूल (११.०२)
किमतीच्या आधी एक बघा. तुम्ही टेक्सासचे, शो ओक्लाहोमात. दोन वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या खाजगी माणसांनी आपसांत विकणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. हातात घेऊन हॉलभर फिरलात आणि एखाद्या टल्साकराने रोख दिले की संपलं. टेबलवाल्या परवानाधारक दुकानदाराला विकू शकता, किंवा त्याच्यामार्फत. टेक्सासमध्ये टेक्सासच्याच माणसाला विकलंत तर हा प्रश्न येत नाही.
आणि दुसरं, विचारायला नको पण विचारतो. व्हिसा कुठला?

फिरता_भोवरा (११.०६)
व्हिसाचा काय संबंध?

दगडफूल (११.१५)
फार संबंध आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र बाळगायलाच बंदी आहे, विकणं दूरच. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. आपली पोरं मित्राबरोबर शोला जातात, उत्साहात घेऊन येतात आणि मग ग्रीन कार्डाच्या वेळी घाम फुटतो.

ह्यूस्टनचा_बाळ्या (११.२१)
अर्धवट माहिती देऊ नका. शिकारीचं लायसन्स असेल तर एच-१बीवाल्यालाही चालतं. मी स्वतः तसंच घेतलं होतं.

दगडफूल (११.२९)
चालतं, पण लायसन्स चालू असेल तोवरच. टेक्सासचं शिकारीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नूतनीकरण केलं नाही तर कपाटातली वस्तू बेकायदा. किती जण करतात?

ह्यूस्टनचा_बाळ्या (११.३१)
मी करायचो.

दगडफूल (११.३२)
तुम्हाला विचारलंच नव्हतं.

फिरता_भोवरा (गुरुवार, सकाळी ७.१०)
शांत व्हा हो. घेतलं तेव्हा एच-१बी होता. ऑफिसातला एक जण रानडुकरांच्या शिकारीला घेऊन जायचा म्हणून लायसन्स होतं आणि दरवर्षी केलं. ग्रीन कार्ड यंदा मार्चमध्ये आलं. झालं समाधान? आता किंमत.
विकायचं कारण, दुसरं मूल येतंय आणि बायकोचं म्हणणं पहिलं चार वर्षांचं झालंय, घरात हे नको. कुलपाच्या पेटीत असतं, तरीही नको. तिचंही चूक नाही.

साबुदाणा_वडा (७.३५)
ताईंचं शंभर टक्के बरोबर. मुळात घेतलंतच कशाला? आपल्याकडे अशी पद्धत नाही.

फिरता_भोवरा (७.४२)
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. त्यांच्या साहेबाच्या कमरेला "अमेरिकन सहाबारी" होतं असं सांगायचे. शोमध्ये हे दिसलं, विकणारा म्हणाला अगदी तेच. घेतलं. दुसरं कारण नाही.

निवृत्त_फौजदार (८.२०)
नमस्कार. मी भारतातून लिहितोय. शस्त्राच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. पोलीस पडताळणी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, पावती जपून ठेवा. नवीन घ्यायचं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर बघा. बायकांसाठी २०१४ मध्ये "निर्भीक" नावाचं हलकं रिव्हॉल्व्हरही काढलं होतं.

ह्यूस्टनचा_बाळ्या (८.२६)
साहेब, त्यांना विकायचंय. अमेरिकेत.

निवृत्त_फौजदार (८.४०)
मग भारतात आणून गावच्या घरी ठेवावं, आजोबांची आठवण आहे.

दगडफूल (८.४८)
सामानातून शस्त्र आणायला बंदी आहे. कायमचं परतणाऱ्याला एका शस्त्राची सवलत मिळू शकते, तीही अटी आणि परवाना असेल तर. असले सल्ले देऊन एखाद्याला मुंबई विमानतळावर बसवून ठेवाल.

कोकणकडा (९.१५)
इटली म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात. तुकडी जवळजवळ सगळी पडली तरी एकट्याने मशीनगनवर चाल केली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात पुतळा आहे. त्याच रेजिमेंटमधले नामदेव जाधव, सेनिओ नदी, एप्रिल १९४५, त्यांनाही मिळाला. तुमचे आजोबा कुठल्या बटालियनमध्ये?

फिरता_भोवरा (९.२०)
वडिलांना विचारतो. गाव महाडजवळ.

कोकणकडा (९.२२)
मग शेजारीच की!! नाव काय? मला व्यक्तिगत निरोप करा.

चिंचगूळ (९.३०)
माझ्या पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नाही.

फिरता_भोवरा (दुपारी १२.५५)
जेवणाच्या सुटीत घरी येऊन पाहिलं. नळी बरोबर चार इंच. उजव्या बाजूला ".३८ एस. अँड डब्ल्यू. सीटीजी." वरच्या पट्टीवर "यू. एस. प्रॉपर्टी जी. एच. डी." चक्रीचा नंबर जुळतो.

चिंचगूळ (१.२५)
अरेरे. ऐका.
अमेरिकन फौजेला दिलेल्या व्हिक्टरीवर ".३८ एस. अँड डब्ल्यू. स्पेशल सीटीजी." (सीटीजी म्हणजे काडतूस) असतं, नळी चार इंच. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी उधार-उसनवारीच्या (लेंड-लीज, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसामान पुरवायच्या) कायद्याखाली गेलेल्यांवर "स्पेशल" हा शब्द नसतो, आणि त्यांची नळी पाच इंच. तुमची चार आहे. म्हणजे बहुधा युद्धानंतर कापलेली.
खात्री करायची तर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) बघा. मूळ माशी नळीसोबतच घडवलेली, अर्धचंद्रासारखी असते. वेगळी बसवलेली, पिन मारलेली किंवा डाग (सोल्डर) दिलेली दिसली तर कापलीच. आणि नळीवरची अक्षरं मध्यावर आहेत की पुढच्या टोकाकडे सरकलीत?
दुसरी तपासणी महत्त्वाची. अशा हजारो रिव्हॉल्व्हरांची चक्री नंतर विकणाऱ्यांनी .३८ स्पेशलसाठी आतून लांब करून घेतली. मूळ घर (काडतूस बसायची पोकळी) रुंद असतं, स्पेशलचं काडतूस बारीक आणि लांब. लांब केलेल्या घरात ते बसतं पण सैल, उडवल्यावर त्याचं कवच फुगतं, कधी चिरतं. न बदललेल्या चक्रीत स्पेशल पूर्ण आत जातच नाही. हे तुम्ही करून बघू नका, शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून मापून घ्या आणि तोवर झाडू नका.

फिरता_भोवरा (१.४०)
माशीला पिन आहे. अक्षरं टोकाकडे सरकलेली वाटतात.
विकणाऱ्याने "सगळं ओरिजिनल" म्हणून सांगितलं होतं.

टेक्सासकाका (१.४४)
म्हणूनच म्हणतो पायथन घ्यावं.

सातबारा_उतारा (२.१०)
मुद्दा : तुमच्याकडे क्युरिओ (संग्राहकांसाठीची जुनी वस्तू) म्हणून विकायचा पर्याय आहे. पन्नास वर्षांहून जुनं शस्त्र क्युरिओत मोडतं. ज्याच्याकडे संग्राहकाचा परवाना आहे (तीन वर्षांचे तीस डॉलर, मीही काढलाय) तो दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडूनही थेट घेऊ शकतो. टल्साला असे ढिगाने भेटतील.

दगडफूल (२.२२)
पन्नास वर्षं पुरत नाहीत. ते मूळ स्वरूपात असायला लागतं. नळी कापलेली, कदाचित चक्रीही खणलेली. ते क्युरिओ राहिलं का, यावर मी पैज लावणार नाही.

सातबारा_उतारा (२.३०)
मूठ किंवा रंग बदलला म्हणून क्युरिओपण जात नाही.

दगडफूल (२.३३)
नळी म्हणजे मूठ नव्हे.

सातबारा_उतारा (२.३४)
मग १८९८ किंवा त्याआधीचं घ्या, त्याला फेडरल कायदा शस्त्रच मानत नाही.

दगडफूल (२.३५)
ते १९४३ च्या आसपासचं आहे!! काय चाललंय.

चिंचगूळ (३.१५)
थोडक्यात : संग्राहकाचा नाद सोडा, परवानाधारक दुकानदाराला विका, त्यात वाद नाही. ९०० विसरा. मूळ, न छेडलेलं असतं तर ५००-६०० म्हटलं असतं. कापलेल्याचे मला कोणी २५०-३०० दिले तर मी नाही म्हणणार नाही. कारखान्याच्या इतिहासाचं पत्र मागवता येतं, कधी आणि कुणाकडे पाठवलं ते कळतं, पण या तुकड्यासाठी तो खर्च निघणार नाही.
आजोबांचं म्हणाल तर गंमत बघा. बिनस्पेशलवाली म्हणजे साम्राज्याच्या फौजांसाठी बनवलेली जात. तुमच्या आजोबांच्या साहेबाकडे हीच जात असू शकते, तेव्हा नळी एक इंच लांब होती इतकंच. चक्रीवर प्रत्येक घरापाशी "बीएनपी" आणि ".३८ .७६७" असा शिक्का आहे का बघा. तो बर्मिंगहॅमच्या तपासणीचा, म्हणजे ती फौजेतून निघून इंग्लंडात बाजारात विकली गेली.

साबुदाणा_वडा (४.०२)
विकून त्या पैशांत बाळाचा पाळणा घ्या.

फिरता_भोवरा (शुक्रवार, रात्री ११.०५)
उद्या पहाटे निघतोय. चार-साडेचार तासांचा रस्ता. गाडीत कसं न्यायचं?

टेक्सासकाका (११.१२)
रिकामं, कुलपाच्या पेटीत, डिकीत. काडतुसं नेऊच नका, विकायला काय करायचीत? दारात पोलीस रिकामं आहे ते तपासून प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. ती तोडायची नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी. नळीत काडी खोचून तिच्यावर किमतीची चिठ्ठी लावून फिरणारे दिसतील, दगडफूल म्हणतात तसं तुम्ही ते करू नका. दुपारनंतर टेबलवाले दमलेले असतात, तेव्हा भाव बरा देतात. पाण्याची बाटली न्या, अकरा एकर एका छपराखाली आहे, पाय दुखतात.

दगडफूल (११.२०)
दमल्यावर भाव कमीच देतात. सकाळी जा.

फिरता_भोवरा (रविवार, सकाळी १०.३०)
विकलं. २७० ला.
पहिल्या टेबलवाल्याने हातात घेतलं, माशीकडे पाहिलं आणि "कापलंय" एवढं म्हणून परत दिलं. दुसरा २०० म्हणाला. एक म्हातारा मागे लागला होता, रोख ४०० देतो म्हणून, ओक्लाहोमाचा. परवाना विचारला तर हसला. सोडून दिलं, दगडफूल तुमची आठवण झाली. शेवटी तिसऱ्या रांगेतल्या दुकानदाराने २७० दिले, माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर वहीत टिपून घेतला.
देण्याआधी त्याने मुठीचं लाकूड काढून दाखवलं. आतल्या बाजूला तोच नंबर, म्हणजे लाकूड पहिल्या दिवसापासूनचं. त्याचा फोटो वडिलांना पाठवला. त्यांचा फोन आला, आजोबांच्या बटालियनचं अजून आठवत नाही म्हणाले, पण त्यांच्या पेटीत पेन्शनचे कागद आहेत, बघतो म्हणाले.

कोकणकडा (१०.३८)
कागद मिळाले की लगेच कळवा!

साबुदाणा_वडा (१०.५०)
छान झालं. पाळणा घेतलात का?

टेक्सासकाका (११.१५)
४०० सोडून २७० घेतलेत??

दगडफूल (११.१७)
बरोबर केलंत.

चिंचगूळ (११.४०)
चक्रीवर बीएनपी होतं का?

फिरता_भोवरा (१२.०५)
अरे. ते बघायचंच राहिलं.