मदत हवी आहे: बुगडीसाठी कान टोचलाय, सूज उतरत नाही (सोलापूर)

शेंगाचटणी
नमस्कार. बुगडीसाठी कान टोचून घेतलेत आणि उजवा कान सुजलाय. लाल झालाय, ठणकतोय, त्या कुशीवर झोपता येत नाही. रोज साफ करते, मलम लावते, हळदही लावून झाली, काडीचा फरक नाही. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. आज्जीने तिची मोत्यांची बुगडी माझ्यासाठी काढून ठेवलीय आणि मला ती त्या दिवशी घालायचीच आहे. नेटवर जो तो वेगळंच सांगतो. कोणतं मलम लावायचं एवढंच कुणीतरी नक्की सांगा. जरा लवकर सांगा प्लीज.

जुळे_सोलापूरकर
मलमबिलम काही नको. खोबरेल तेल कोमट करून त्यात हळद कालव, रात्री झोपताना लाव. स्टड काढून कडुलिंबाची बारीक काडी घालून ठेव. माझे, बहिणीचे, आमच्या तिन्ही पोरींचे कान असेच बरे झाले. दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही कुणाला.

मेडिकल_काउंटर
ताई, मलमाचं नाव विचारायला आमच्या दुकानात रोज कुणीतरी येतं आणि मी रोज हेच उलट विचारतो. कधी टोचलं? सुईने की बंदुकीने? पाळीला की वरच्या कडक भागाला? स्टड कशाचा आहे? साफ करते म्हणजे कशाने? ताप आहे का? आणि मलम आधीच लावताय तर ते कोणतं?

शेंगाचटणी
बुगडी म्हटल्यावर वरच असणार ना. गेल्या महिन्यात टोचलं, दोन्ही कान एकाच दिवशी, बंदुकीने. स्टड सोनेरी आहे, दुकानातलाच. स्पिरिटच्या बोळ्याने पुसते आणि स्टड गोल फिरवते, दुकानातल्या मुलाने तसंच सांगितलं होतं, नाहीतर चिकटतो म्हणे. मलम निओस्पोरिन. ताप नाही. आता सांगा.

तालमीचा_गडी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला भिकबाळी घालायचीय. उजव्या कानात की डाव्या? आणि सोनाराकडे टोचावी की पार्लरमध्ये?

रेवा_पुणे
@शेंगाचटणी हे शंभर टक्के निकेलचं आहे. सोनेरी मुलामा दिलेल्या स्टडमध्ये बऱ्याचदा निकेल असतं, त्याची ॲलर्जी खूप जणींना असते. मी स्वतः भोगलंय. बेन्टेक्सचं, म्हणजे नकली दागिन्यांतलं, काही घातलं की माझे कान वाहायला लागतात. टायटॅनियमचा स्टड घाल, इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचा, त्यावर एएसटीएम एफ १३६ हे मानक लिहिलेलं बघून घे. मी पुण्यात बदलून घेतला आणि प्रश्न मिटला.

मेडिकल_काउंटर
दोन्ही कानांत एकच धातू आहे आणि सुजलाय एकच कान. ॲलर्जी असती तर डावाही बोलला असता, आणि ठणक्यापेक्षा खाज जास्त असती. तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण तो या कानाचा नाही.

रेवा_पुणे
एका कानाला आधी, दुसऱ्याला नंतर, असंही होतं. मी अनुभवाने बोलतेय.

मेडिकल_काउंटर
होतं, नाही म्हणत नाही. ताई, स्पिरिट आधी बंद करा. जखमेत जी नवी कातडी धरत असते ती स्पिरिटने, हायड्रोजन पेरॉक्साइडने जळते आणि जखम रोज नव्याने उघडी पडते. निओस्पोरिनही थांबवा. भोकावर चिकट थर बसतो, आतला स्राव बाहेर यायला वाट राहत नाही, शिवाय त्यातल्या निओमायसिनचीच ॲलर्जी असलेले लोक कमी नाहीत. फिरवणं तर पूर्ण बंद. स्टडवर वाळलेली खपली फिरवताना आत ओढली जाते आणि आतली जखम खरवडते. फक्त नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. मोठी बाटली एकदा उघडली की दूषित होते, म्हणून १० मिलीच्या छोट्या कुप्या मागा. निर्जंतुक गॉजवर घ्यायचं, दिवसातून दोनदा भोकावर धरायचं, खपली मऊ झाली की आपसूक सुटेल तेवढीच पुसायची. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू स्टडच्या दांडीला गुंडाळले जातात.

जुळे_सोलापूरकर
मिठाचं पाणी विकत कशाला आणायचं? घरात मीठ नाही का?

मेडिकल_काउंटर
लिटरमागे ९ ग्रॅम, उकळून गार केलेल्या पाण्यात, असं मोजून करणार असाल तर करा. लोक चिमटीने घालतात. मीठ जास्त झालं की कातडी कोरडी पडून भेगाळते. कुपी काही महाग नसते.

उजनीकाठ
पाण्यावरून एक विचारतो. कान धुताना पाणी कुठलं वापरता? आपल्याकडे नळ रोज येत नाही, घरोघरी बॅरलमध्ये पाणी साठवलेलं. साठवलेल्या पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू राहू शकतो आणि वरच्या कानाचा तो जुना वैरी. २००० साली अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये एकाच ठिकाणी वरचा कान टोचून घेतलेल्या लोकांचे कान असेच सडायला लागले होते. तपासात सापडलं की टोचताना वापरायच्या जंतुनाशकाच्या बाटलीतच हा जंतू होता. तिथेही बंदूकच.

शेंगाचटणी
आंघोळीला बॅरलचंच पाणी. केस धुताना कानाला लागतं, वेगळं कुठलं आणू? सलाईन आज आणते. पण एवढ्याने लग्नापर्यंत बरं होईल का ते सांगा ना.

साखरपेठेची_लेक
टॉवेल कोणता वापरतेस गं? आपले टर्किश टॉवेल जाड, फासेवाले. माझा नाकातला खडा त्यात अडकून असा ओढला गेला होता की डोळ्यांसमोर अंधारी आली. ताजं टोचलं असेल तेव्हा जुनं मऊ सुती धोतर फाडून घ्यावं, आमच्याकडे तेच वापरतात. उशीचा अभ्राही रोज बदल. अंगावर चादर घेतानाही जपून, विणीत स्टड अडकतो. आणि स्कूटरवर हेल्मेट घालतेस का? एप्रिल आलाय, घाम तिथेच साठत असणार.

शेंगाचटणी
हेल्मेट घालते. रोज जुळे सोलापूरहून पार्क चौकापर्यंत जाऊन येऊन. फोनही उजव्याच कानाला धरते. ओढला वगैरे गेला नाही.

जुळे_सोलापूरकर
मला एक कळत नाही. पूर्वी सोनार घरी यायचा, सोन्याच्या तारेने टोचायचा, वर थोडी हळद. बाळांचे कान बाराव्या दिवशी टोचत आलोय आपण. तेव्हा कुठलं सलाईन आणि कुठलं टायटॅनियम होतं?

मेडिकल_काउंटर
काका, तुम्ही सांगताय ते पाळीचं. पाळी म्हणजे कातडी आणि चरबी, रक्तपुरवठा भरपूर, सहा ते आठ आठवड्यांत बरी होते. वरचा कान म्हणजे कूर्चा, मऊ हाड. तिला सहा महिने ते वर्ष लागतं. सोनाराची तार टोकदार असते, कातडीतून सरळ निघते. बंदुकीचा स्टड त्या मानाने बोथट, तो स्प्रिंगच्या जोरावर घुसवतात, त्याने कूर्चा चेचली जाते. वर ती बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, प्लास्टिक वितळतं. स्पिरिटने पुसली की झालं, असं धरून चालतात.

जुळे_सोलापूरकर
पण सोनाराची तार तरी कुठे ऑटोक्लेव्हमध्ये जात होती?

मेडिकल_काउंटर
नव्हती जात, ते मान्य. म्हणून आज सोनाराकडेही मी डोळे मिटून पाठवणार नाही. एकदाच वापरायची पोकळ सुई, आपल्यासमोर पाकीट फोडलेली, असं जो करतो त्याच्याकडे जावं.

तालमीचा_गडी
म्हणजे भिकबाळीसाठीही सुईच का? आणि कान उजवा की डावा, कुणी सांगेना.

साखरपेठेची_लेक
उजवा. आधी तिचं होऊ दे की.

हणमंतराव_५८
रक्तदान शिबिरं भरवणारा माणूस आहे म्हणून सांगतो. टोचून घेतल्यावर काही काळ रक्त देता येत नाही. फॉर्मवर तो प्रश्न असतो, खरं उत्तर द्या. हिपॅटायटिस बी आणि सी दूषित सुईतून पसरतात. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालेलं असावं.

रेवा_पुणे
मला अजूनही धातूच वाटतो. स्टड बदलून बघायला काय हरकत आहे?

सेवानिवृत्त_सिस्टर
उशिरा वाचतेय. कान-नाक-घशाच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली आहेत. शेंगाचटणी, बाळा, आरशासमोर उभी राहा आणि तीन गोष्टी बघून सांग. कानाची पाळी सुजलीय का? लाली फक्त भोकाभोवती आहे की वरचा अर्धा कान लाल आणि गरम? आणि कानाच्या कडेची जी वळी असते, तिची घडी अजून दिसते की सपाट होऊन चकाकतेय? आत्ता सांग, उद्या नको.

शेंगाचटणी
पाळी अगदी नेहमीसारखी आहे. वरचा अर्धा कान लाल, हात लावला तर गरम. वळी डाव्या कानाला दिसते, उजव्याला नाही, गुळगुळीत झालीय. कालपेक्षा जास्त वाटतंय. मागची चकती कातडीत थोडी रुतलीय.

सेवानिवृत्त_सिस्टर
मग मलमाचा विषय संपला. आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. पाळी सोडून वरचाच कान लाल आणि गरम असेल तर कूर्चेवरच्या आवरणाला संसर्ग झालाय असं धरून चालायचं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती या आवरणातूनच जगते. मध्ये पू साठला की आवरण कूर्चेपासून सुटतं, कूर्चा मरते आणि कान आक्रसतो. तालमीतल्या पैलवानांचे चुरगळलेले कान बघितलेस ना? त्यांच्यात मार लागून तिथे रक्त साठतं, तुझ्यात पू साठेल, शेवट सारखाच. कान एकदा तसा झाला की सरळ करायला मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि तीही पूर्ववत करतेच असं नाही. आज वेळ हातात आहे. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सिव्हिलची ओपीडी गाठ, पण उद्यावर टाकू नकोस.

जुळे_सोलापूरकर
एवढं घाबरवायचं कारण नाही. माझ्याकडे अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्यात, पाच दिवस घेतल्या की सूज उतरते. आणि तो स्टड आधी काढून टाक.

सेवानिवृत्त_सिस्टर
कृपा करून असं सुचवू नका. उजनीकाठ म्हणाले तो जंतू असेल तर अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालतच नाही. पाच दिवस वाया जातील, आणि या कानाकडे पाच दिवस नाहीत. त्याला वेगळ्या वर्गातलं औषध लागतं, ते डॉक्टर तपासून आणि जमल्यास पुवाची तपासणी करून ठरवतील. स्टडही घरी ओढायचा नाही. सुजलेल्या भोकातून काढला की तोंड बुजतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा हे कान बघणारा ठरवेल.

रेवा_पुणे
हे मला माहीत नव्हतं. शेंगाचटणी, माझं बदलून बघ वगैरे सोड, आधी जा.

शेंगाचटणी
निघतेय. आई सोबत येतेय.

तालमीचा_गडी
अक्का, काय झालं ते कळव. आमच्या वस्तादांचा कान तसाच आहे, म्हणून विचारतोय.

शेंगाचटणी
दाखवून आले. सिस्टर म्हणाल्या तेच निघालं. पू अजून साठलेला नाही, आवरणापुरताच संसर्ग आहे. डॉक्टरांनी कान बधिर करून रुतलेली चकती सोडवली आणि उजव्या कानातला स्टड काढला. गोळ्या लिहून दिल्यात, मध्ये थांबवायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. परवा पुन्हा बोलावलंय, तोवर सूज वाढली, ताप आला किंवा कान मऊ लिबलिबीत लागला तर रात्रीही या म्हणाले. हेल्मेट तूर्तास बंद, म्हणजे स्कूटरच बंद, सिटी बसने जाईन. सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं, डावा कान चांगला आहे, त्याला लग्नात बुगडी घालू का? आणि उजव्याला चापाची?

सेवानिवृत्त_सिस्टर
वेळेत गेलीस, फार बरं वाटलं. उजव्याला चापाची अजिबात नको. दाबाने तिथला रक्तपुरवठा अजून कमी होतो, आणि लग्नातला अख्खा दिवस म्हणजे बराच वेळ. डाव्यातही आज्जीची बुगडी नको. दुखत नाही म्हणजे भोक भरलंय असं नाही, वरून कातडी धरलेली दिसते आणि आत महिनोन्महिने ओलं असतं. मोत्यांच्या बुगडीची दांडी जाड असते, वजन असतं, जुन्या दागिन्याच्या फिरकीत मळही असतो. डाव्यात आहे तेच राहू दे, सलाईन चालू ठेव. उजवा पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा टोचायचा की नाही ते डॉक्टरांनाच विचार.

साखरपेठेची_लेक
लग्नात पाळीत कुड्या घाल आणि केसांत गजरा माळ. बुगडी आज्जीलाच घालायला सांग की, त्यांची भोकं मुरलेली असतील.

शेंगाचटणी
आज्जीला विचारलं. हो म्हणाली.

तालमीचा_गडी
मग मी सुईनेच टोचतो, उजवा कान. सोलापुरात आपल्यासमोर पाकीट फोडून सुई वापरणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.