'फ्री एनर्जी जनरेटर'ला मराठीत काय म्हणावं? मोफत, मुक्त, फुकट की स्वयंवह?

गोदाकाठची:
नाशिकमधल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पत्रक मराठीत करतेय. विषय घरी बनवलेले 'फ्री एनर्जी जनरेटर'. मोटार, पट्टा, जड चाक, अल्टरनेटर आणि अल्टरनेटरची वीज पुन्हा त्याच मोटारीला. एकदा फिरवून दिलं की बाहेरची वीज लागत नाही, वर दोन दिवेही लागतात, असा दावा असतो. मी 'मोफत ऊर्जा जनित्र' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी 'मुक्त ऊर्जा जनित्र' केलं. मला 'मुक्त' खटकतंय. पण 'मोफत' म्हटलं तर वस्तू मिळते, फक्त पैसे पडत नाहीत, असा अर्थ होतो. इथे तर वस्तूच मिळत नाही. काय लिहू?

रसायनवाली:
'मुक्त ऊर्जा' नकोच. रसायनशास्त्रात गिब्जच्या मुक्त ऊर्जेने ती जागा कधीच घेतली आहे. अभिक्रिया आपसूक होईल की नाही ते तिच्यावरून ठरतं, तिचं गणित मांडता येतं. बारावीचं पोर पत्रक वाचेल आणि दोन्ही एकच समजेल.

सातपूरचा वाइंडर:
ताई, जनित्र हा शब्द आमच्या दुकानात कुणाच्या तोंडी नाही. मोटार भरायला येणारी माणसं 'फिरी एनर्जीचं मशीन' म्हणतात. हिशेब सांगतो. छोटी मोटार शंभर वॅट घेऊन ऐंशी देते, तेही चांगली असली तर. पट्ट्यात चारेक जातात. उरलेल्यातला पाचवा हिस्सा अल्टरनेटर खातो. हातात राहिले साठ. मोटारीला हवेत शंभर. मग दिवे कशावर लावायचे? 'स्वतःवर चालणारी मोटार' लिहा, गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

निफाडचा मळेकरी:
मी असं मशीन चालताना पाहिलं आहे. पिन बोर्डातून काढली, मशीनच्याच बोर्डाला लावली आणि दिवा तसाच चालू. थर्मल वीजकेंद्र एकलहऱ्याला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी शेतीला लाईट रात्रीच्या पाळीची. रात्री दोनला उसातून पंपावर जायचं, बिबट्या कुठे बसलाय माहीत नाही. थंडीत निफाडचा पारा किती उतरतो ते पेपरात येतंच, तेव्हा बागेला पहाटे पाणी द्यावंच लागतं. अशा माणसाला कुणी घरची वीज बनवून दाखवली तर तो शब्दकोश उघडत नाही. मला ते मशीन बनवून बघायचं आहे. नाव काहीही द्या, आधीच खोटं ठरवू नका.

गोदाकाठची:
दादा, रात्रीच्या पाळीचं अगदी खरं आहे, त्यावर दुमत नाही. दिवा किती वेळ चालू होता?

निफाडचा मळेकरी:
दोन-तीन मिनिटं. मग त्यांनीच बंद केलं, बेअरिंग तापतं म्हणून.

रसायनवाली:
५० किलोचं, ६० सेंटिमीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात साधारण २५,६०० जूल साठलेले असतात. कुठेही गळती नाही असं धरलं तरी १०० वॅटचा दिवा त्यावर सव्वाचार मिनिटं चालेल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. ते दोन-तीन मिनिटांचं जळणं बोर्डातल्याच विजेचं होतं, आधी चाकात भरून ठेवलेलं. दादा, बनवून जरूर बघा. फक्त दिवा आपोआप विझेपर्यंत थांबा, मध्ये कुणाला बंद करू देऊ नका.

भगूरवाटेवर:
मूळ शब्दाकडे या. 'मोफत' फारसी 'मुफ्त'वरून आला. सावरकरांच्या भगूरपासून दोन कोसांवर राहून आपण तो का वापरावा? 'विनामूल्य' आहे की. महापौर, दिनांक हे शब्दही आधी लोकांना जड वाटले होते, आज कुणाला अडतात?

सातपूरचा वाइंडर:
विनामूल्य फक्त पाटीवर असतं साहेब. बोलताना फुकट.

टाकळीकर:
आणि 'फुकट' आपला जुना आहे. समर्थांनी आमच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं असं मानतात, त्यांच्या मनाच्या श्लोकांत 'फुकाचे' आहे. माझ्या मते हे 'फुंक'वरूनच आलं: फुंकरीला पैसे पडत नाहीत, म्हणून फुका, त्यापुढे फुकट. शिवाय 'फुकट गेलं' म्हणजे वायाही गेलं. या यंत्रात घातलेली वीज त्याच अर्थाने फुकट जाते. गोदाताई, 'फुकट वीजयंत्र' करा, दोन्ही अर्थ बसतात.

भगूरवाटेवर:
फुंकेची व्युत्पत्ती तुमची स्वतःची दिसते. एका अनुस्वारावर एवढी इमारत नको. शाळेच्या पत्रकात 'फुकट' शोभतही नाही.

पाटणादेवीचा पांथस्थ:
अहो, आपल्याकडे नेमका शब्द असताना भांडण कशाला? स्वयंवह यंत्र! भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत वर्णन दिलं आहे: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, ते अर्धे पाऱ्याने भरून तोंडं बंद करायची, दोन खांबांवर आस ठेवला की चाक आपोआप फिरतं. ब्रह्मगुप्तांनीही ६२८ मध्ये असंच चाक सांगितलं आहे. आणि चाळीसगावजवळच्या पाटणला आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. म्हणजे शब्द आपल्याच मुलखातला.

निफाडचा मळेकरी:
म्हणजे आपल्या लोकांना हे आधीपासून येत होतं!

रसायनवाली:
वर्णन होतं, दादा. पारा एका बाजूला आसापासून लांब सरकतो, पण त्या बाजूला तो कमी असतो. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की चाक थांबतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच ठरवलं की असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासायचे नाहीत. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही कलम ३(अ) प्रमाणे, निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध मानली जात नाही. भास्कराचार्यांचं गणित एवढं मोठं आहे की या चाकाने त्यांचा मान वाढवायची गरज नाही.

गोदाकाठची:
म्हणूनच स्वयंवहही नको वाटतो. शब्द सुरेख आहे, पण तो यंत्राचा दावा मान्य करून बसतो आणि वर आचार्यांचं वजन त्याच्या पारड्यात टाकतो. पोरांनी नाव वाचताच यंत्र चालतं असं गृहीत धरू नये, एवढीच माझी अट आहे. सध्या 'तथाकथित फ्री एनर्जी जनरेटर' लिहून ठेवलंय. पण निम्मं वाक्य इंग्रजी झालं म्हणून सर परत खोडतील.

भगूरवाटेवर:
निदान 'जनित्र' तरी ठेवा. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जनित्र हे शब्द वीजखात्याच्या कागदांत आणि पेपरांत रुळले आहेत.

निफाडचा मळेकरी:
पेपरात रोहित्र, गावात डीपी. 'डीपी जळाली' म्हटलं की अख्खं गाव गोळा होतं. रोहित्र जळालं म्हटलं तर विचारतील, कुणाचं?

टाकळीकर:
रोहित्र आलं कुठून पण? 'रुह्' म्हणजे चढणं, त्यावरून आरोहण. दाब चढवणारं ते रोहित्र, असं मी धरून चाललोय.

सातपूरचा वाइंडर:
गावातली डीपी दाब चढवत नाही, उतरवते. ११,००० व्होल्टचे ४३३ करते.

भगूरवाटेवर:
मग तिला अवरोहित्र म्हणा.

टाकळीकर:
म्हणजे वीजनिर्मिती केंद्राला एक शब्द आणि गावाला दुसरा? जुन्या परिभाषाकोशात कुणी पाहिलंय का?